गर्भाशयमुखाचे दुर्मिळ, आक्रमक कॅन्सर : जनुकीय बदल आणि जगण्याचं प्रमाण – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हातात बायोप्सीचा रिपोर्ट, त्यात कधी न ऐकलेलं नाव, आणि सोबत जनुकांच्या आद्याक्षरांची आठ-दहा ओळींची यादी. अशा अवस्थेत जे प्रश्न पडतात ते इथे घेतले आहेत. तुमच्या रुग्णाचा निर्णय तिचे डॉक्टरच घेतील. त्यांच्याशी बोलताना रिपोर्टमधली भाषा परकी वाटू नये, एवढ्यासाठी हे लिहिलं आहे.

गर्भाशयमुखाचा कॅन्सर तर सगळ्यांना माहीत आहे. मग यातला ‘दुर्मिळ’ कोणता?

२०२२ साली जगभरात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे सुमारे ६ लाख ६० हजार नवे रुग्ण नोंदले गेले. त्यातले बहुसंख्य स्क्वेमस (पृष्ठभागावरच्या चपट्या पेशींच्या) प्रकारचे, आणि त्याखालोखाल ग्रंथींच्या पेशींतून निघणारे नेहमीचे, एचपीव्हीमुळे (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या विषाणूमुळे) होणारे अ‍ॅडिनोकार्सिनोमा. आपण ज्यांच्याविषयी बोलतोय ते उरलेल्या छोट्या गटातले आहेत. न्यूरोएन्डोक्राइन कार्सिनोमा, म्हणजे संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींसारख्या पेशींचा कॅन्सर (यात स्मॉल सेल जास्त, लार्ज सेल कमी) साधारण शंभरात एक किंवा दोन. गॅस्ट्रिक-टाइप अ‍ॅडिनोकार्सिनोमा जगभरात अ‍ॅडिनोकार्सिनोमांपैकी सुमारे दहा टक्के, जपानमध्ये त्याहून बराच जास्त. त्यानंतर क्लिअर सेल आणि मेसोनेफ्रिक, जे अनेक पॅथॉलॉजिस्ट उभ्या कारकिर्दीत मोजकेच पाहतात.

जागा एकच असली, तरी हे आजार एकमेकांचे सख्खे भाऊ नाहीत. स्मॉल सेलची वागणूक फुफ्फुसातल्या स्मॉल सेलसारखी, तर गॅस्ट्रिक-टाइपची वागणूक जठर आणि स्वादुपिंडाच्या कॅन्सरकडे झुकणारी. म्हणून ‘गर्भाशयमुखाचा कॅन्सर बरा होतो म्हणे’ किंवा ‘यात काही खरं नसतं म्हणे’, ही दोन्ही वाक्यं प्रकाराचं नाव कळल्याशिवाय निरर्थक आहेत.

दर तीन वर्षांनी पॅप टेस्ट करत होतो. तरी कसा सुटला?

पॅप टेस्टची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी ब्रशने घेऊन काचेवर तपासण्याची, सगळी ताकद एका गोष्टीवर उभी आहे: नेहमीचा स्क्वेमस कॅन्सर व्हायला वर्षानुवर्षं लागतात आणि त्याआधीची पायरी पृष्ठभागावर दिसते. स्मॉल सेलमध्ये ही सवड मिळत नाही. मागची तपासणी स्वच्छ आणि पुढच्या तपासणीच्या आत गाठ, असं खरोखर घडतं. त्याच्या पेशी लहान असतात आणि स्मिअरमध्ये सहज नजरेतून निसटतात.

गॅस्ट्रिक-टाइपची अडचण वेगळी. तो गर्भाशयमुखाच्या नलिकेत वर आणि खोलवर वाढतो, त्यामुळे ब्रश तिथवर पोचतच नाही. त्यातला ‘मिनिमल डेव्हिएशन’ नावाचा उपप्रकार तर इतका सभ्य दिसतो की वरवरच्या बायोप्सीतही त्या ग्रंथी जवळजवळ नॉर्मल वाटतात. पाण्यासारखा भरपूर स्राव महिनोन् महिने चालू राहणं हे याचं ओळखीचं लक्षण. पण तो स्राव ‘इन्फेक्शन असेल’ म्हणून गोळ्यांवर निभावला जातो, आणि इथेच वेळ जातो. आजार तपासणीत न सापडल्याचा दोष रुग्णाने स्वतःच्या माथी घेऊ नये, हे आवर्जून सांगावंसं वाटतं.

एचपीव्ही निगेटिव्ह आहे, मग कॅन्सर कसा झाला? आणि पॉझिटिव्ह असेल तर?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या वर्गीकरणात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे दोन मोठे भाग केले आहेत: एचपीव्हीशी निगडित आणि एचपीव्हीशी संबंध नसलेले. गॅस्ट्रिक-टाइप, क्लिअर सेल आणि मेसोनेफ्रिक दुसऱ्या भागात येतात. तिथे एचपीव्ही निगेटिव्ह येणं हीच अपेक्षा असते. त्यामुळे फक्त एचपीव्हीवर आधारलेली चाचणी हे प्रकार पकडू शकत नाही, आणि लसही त्यांना रोखत नाही.

स्मॉल सेल मात्र बहुतांश वेळा एचपीव्हीतूनच येतो, विशेषतः १८ आणि १६ या प्रकारांमुळे. हे दोन्ही प्रकार लसीत आहेत, म्हणजे हा जीवघेणा प्रकार लसीने टळू शकतो. हा मुद्दा जितका सांगितला जायला हवा तितका सांगितला जात नाही.

आता कुजबुजीविषयी. एचपीव्हीचा संसर्ग इतका सर्वसाधारण आहे की लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक माणसांना तो आयुष्यात कधी ना कधी होतो आणि बहुतेकांचा आपोआप जातोही. त्यावरून कुणाचं चारित्र्य ठरवणं हा अडाणीपणा आहे.

‘जनुकीय बदल’ म्हणजे हा आजार आनुवंशिक आहे का?

बहुतेक वेळा नाही. गाठीच्या पेशींत आयुष्यात नंतर घडलेले बदल आणि जन्मतःच सगळ्या पेशींत असलेले बदल या दोन निराळ्या गोष्टी आहेत. रिपोर्टमधल्या यादीतले बहुतेक बदल पहिल्या प्रकारचे. ते मुलांकडे जात नाहीत.

अपवाद आहेत, आणि त्यातला एक इथे फार महत्त्वाचा आहे. तो पुढे गॅस्ट्रिक-टाइपच्या प्रश्नात येईल.

स्मॉल सेलमध्ये कोणते बदल सापडतात?

फुफ्फुसाच्या स्मॉल सेलमध्ये टीपी५३ आणि आरबी१ ही दोन रक्षक जनुकं जवळजवळ प्रत्येक गाठीत मोडलेली असतात. सूक्ष्मदर्शकाखाली गर्भाशयमुखाचा स्मॉल सेल अगदी तसाच दिसतो. साहजिकच तिथेही तेच सापडेल अशी अटकळ होती. निघालं वेगळंच. २०१६ साली ४४ रुग्णांच्या गाठींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सर्वाधिक आढळलेला बदल पीआयके३सीए या जनुकातला होता, तोही फक्त १८ टक्के गाठींत. केआरएएस १४ टक्के, टीपी५३ अवघे ११ टक्के. पुढे ९७ गाठींच्या मोठ्या तपासणीतही पीआयके३सीए साधारण पाचात एक या प्रमाणातच राहिला. तिथे एमवायसी या जनुकाच्या जादा प्रती आणि पीटीईएन या जनुकातले बदलही बऱ्यापैकी दिसले.

मग रक्षक गेले कुठे? उत्तर विषाणूत आहे. एचपीव्हीचं ई६ हे प्रथिन पेशीतल्या पी५३ प्रथिनाची विल्हेवाट लावतं आणि ई७ हे आरबीला निकामी करतं. जनुक कागदावर शाबूत, पण त्याचं काम करणारं प्रथिन जागेवर नाही. फुफ्फुसात तंबाखूच्या धुराने जे जनुक मोडून साधलं, ते इथे विषाणूने न मोडता साधलं. म्हणून रिपोर्टमध्ये ‘टीपी५३ नॉर्मल’ असं वाचून हायसं वाटून घेण्यात अर्थ नाही, आणि बदल कमी सापडले म्हणून आजार सौम्य असंही नाही.

पॅथॉलॉजिस्ट हा प्रकार ओळखतात तो जनुकांवरून नव्हे. पेशींची ठेवण आणि सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन, सीडी५६, आयएनएसएम१ या रंजनांवरून (पेशीतली ठरावीक प्रथिनं रंगवून दाखवणाऱ्या चाचण्यांवरून) तो ओळखला जातो. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये पाहिलं जाणारं टीटीएफ-१ हे रंजन पॉझिटिव्ह आलं की घरचे घाबरतात, ‘म्हणजे फुफ्फुसातून आलाय का?’ तसंच असेल असं नाही, कारण गर्भाशयमुखातल्या मूळ गाठीतही ते पॉझिटिव्ह येऊ शकतं. छातीचं स्कॅन मात्र होतंच, कारण हा आजार फुफ्फुस, यकृत, हाडं आणि कधी मेंदूपर्यंत रक्तातून लवकर पसरतो.

आणि गॅस्ट्रिक-टाइपमध्ये?

इथे विषाणू नाही, त्यामुळे जनुकांची मोडतोड थेट दिसते. सर्वांत जास्त टीपी५३, मग एसटीके११, सीडीकेएन२ए, केआरएएस, एआरआयडी१ए, आणि काही गाठींत ईआरबीबी२, म्हणजे हर२, याच्या जादा प्रती. ही यादी स्वादुपिंडाच्या किंवा जठराच्या कॅन्सरच्या यादीशेजारी ठेवली तर साम्य डोळ्यांत भरतं. वागणूकही तशीच: अंडाशयात आणि पोटाच्या आवरणावर पसरण्याचा कल. बरेचदा अंडाशयातली गाठ आधी सापडते आणि मूळ गर्भाशयमुखात आहे हे नंतर कळतं.

आधी म्हटलेला अपवाद हा: एसटीके११. हे जनुक जन्मतःच बिघडलेलं असेल तर पॉइट्झ-जेगर्स सिंड्रोम होतो. त्यात ओठांवर आणि तोंडाच्या आत काळसर ठिपके येतात, आतड्यांत पॉलिप होतात, लहानपणी पोटदुखीचे झटके येतात. वय वाढतं तसे ओठांवरचे ठिपके फिके पडतात, म्हणून आज चेहऱ्यावर काही नाही एवढ्याने भागत नाही, जुने फोटो काढून बघावेत. या स्त्रियांना गर्भाशयमुखाचा कॅन्सर होण्याचा आयुष्यभराचा धोका साधारण दहा टक्के मानला जातो, आणि तो नेमका याच प्रकारचा असतो. गाठीत एसटीके११ सापडलेल्या बहुतेक स्त्रियांना हा सिंड्रोम नसतो. पण रक्ताची स्वतंत्र तपासणी करून घेतली नाही, तर बहीण आणि मुलगी यांच्याबाबतीत आपण अंधारात राहतो.

क्लिअर सेल आणि मेसोनेफ्रिकचं काय?

क्लिअर सेलची एक शाखा इतिहासातून आलेली आहे. १९४० च्या दशकापासून गर्भपात टाळण्यासाठी गरोदर स्त्रियांना डायइथाइलस्टिल्बेस्ट्रॉल हे औषध दिलं जात होतं. १९७१ साली लक्षात आलं की त्या गरोदरपणात जन्मलेल्या मुलींना कोवळ्या वयात योनी आणि गर्भाशयमुखाचा क्लिअर सेल कॅन्सर होतो आहे. आज दिसणारे बहुतेक रुग्ण या औषधाशी संबंध नसलेले असतात. मेसोनेफ्रिक हा गर्भावस्थेत उरलेल्या नलिकांच्या अवशेषांतून निघतो आणि त्याची जनुकीय सही बऱ्यापैकी ठरलेली आहे: बहुतेक गाठींत केआरएएस, क्वचित एनआरएएस, आणि पहिल्या गुणसूत्राच्या लांब बाहूची जादा प्रत. निदानाबद्दल शंका असेल तिथे ही सही खूप कामी येते.

रिपोर्टमध्ये टीपी५३ आहे. म्हणजे आयुष्य कमी?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि त्याचं सरळ उत्तर: एका जनुकावरून एका माणसाचं आयुष्य सांगता येत नाही. या दुर्मिळ प्रकारांत तर नाहीच नाही.

याची कारणं गणितात आहेत. समजा एका अभ्यासात चाळीस रुग्ण आहेत आणि त्यातल्या पाच जणींत टीपी५३ बदल आहे. त्या पाचांपैकी एखादी पुढच्या टप्प्यात आलेली असेल, एखादीला केमो सोसली नसेल, एखादी दुसऱ्याच कारणाने गेली असेल. एवढ्या मोजक्या जणींवरून ‘हे जनुक वाईट’ असा निष्कर्ष काढणं म्हणजे शितावरून भाताची नव्हे, अख्ख्या शेताची परीक्षा करण्यासारखं आहे. शिवाय हे अभ्यास अनेक वर्षांत, निरनिराळ्या उपचारांखाली गोळा झालेले असतात. एका शोधनिबंधात दिसलेला संबंध दुसऱ्यात नाहीसा होतो तो यामुळेच.

जगण्याशी ज्यांचा पक्का संबंध पुन्हा पुन्हा दिसला आहे, त्या गोष्टी कमी झगमगीत आहेत. आजार कोणत्या टप्प्यात सापडला, गाठीचा आकार, लसिका ग्रंथींत शिरकाव आहे का, शस्त्रक्रियेत कडा स्वच्छ मिळाल्या का, आणि सर्वांत आधी, कॅन्सरचा नेमका प्रकार. गॅस्ट्रिक-टाइपचं उदाहरण घ्या. २००७ सालच्या जपानी अभ्यासात त्या आजाराने मृत्यू न येता ५ वर्षं काढणाऱ्यांचं प्रमाण ३० टक्के होतं, गॅस्ट्रिक नसलेल्या गटात ७७ टक्के. २०१५ च्या दुसऱ्या अभ्यासात हेच आकडे ४२ आणि ९१. आकडे वेगळे, पण दरी दोन्हीकडे. ही दरी पॅथॉलॉजिस्टने प्रकाराचं नाव अचूक दिल्यावर दिसली, एखाद्या जनुकावरून नव्हे. म्हणून दुसऱ्या जनुकीय पॅनेलवर (अनेक जनुकांच्या एकत्र चाचणीवर) खर्च करण्याआधी स्लाइड दुसऱ्या अनुभवी स्त्रीरोग-पॅथॉलॉजिस्टला दाखवा, असं माझं मत आहे.

‘५ वर्षं जगण्याचं प्रमाण ३७ टक्के’ हे वाक्य कसं वाचायचं?

स्मॉल सेलसाठी हा आकडा बऱ्याच ठिकाणी दिसतो. तो २०१० साली प्रसिद्ध झालेल्या १८८ रुग्णांच्या अभ्यासातला आहे: सुरुवातीच्या टप्प्यात ३६.८ टक्के, मधल्या टप्प्यात ९.८ टक्के, आणि दूरवर पसरलेल्या टप्प्यात शून्य. वाचताना पोटात गोळा येतो, हे खरं आहे. पण तीन गोष्टी लक्षात ठेवा.

ते रुग्ण अनेक वर्षांपूर्वी उपचार घेतलेले होते, आणि २०१० साली लिहिलेला आकडा त्याहूनही मागचं चित्र दाखवतो. दुसरं, ‘शून्य’ हा छोट्या गटाचा शून्य आहे. तो निसर्गनियम नव्हे. तिसरी गोष्ट रुग्णांना फारशी कुणी सांगत नाही: हा आजार परतायचा असेल तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत परततो. त्यामुळे दोन-तीन वर्षं स्वच्छ गेलेल्या बाईसाठी निदानाच्या दिवशीचा आकडा लागू राहत नाही, तिची शक्यता त्याहून चांगली झालेली असते. ‘आतापर्यंत इतके महिने ठीक आहे, मग आता पुढचं काय?’ असा प्रश्न डॉक्टरांना विचारा. त्याचं उत्तर वेगळं येतं.

जगण्याच्या आकड्यांत ‘मीडियन’ हा शब्दही भेटतो. मीडियन म्हणजे मधला माणूस. निम्मे त्याच्या आधी गेले, निम्मे त्याच्यापुढे जगले. पुढच्या निम्म्यांपैकी काहींची शेपटी फार लांब जाते.

बदल सापडला की त्यावर औषध मिळतं का?

कधी कधी. ‘कधी कधी’वर जरा थांबू या, कारण आशा आणि निराशा दोन्ही इथेच वाढतात.

२०१४ साली एका रुग्णाची हकिकत प्रसिद्ध झाली: परतलेला स्मॉल सेल, गाठीत केआरएएसमधला जी१२डी बदल, ट्रामेटिनिब हे औषध दिलं आणि गाठी पूर्ण विरघळल्या. हकिकत खरी आहे. पण ती एका बाईची आहे, आणि ज्यांना औषध देऊन काही झालं नाही त्यांच्या हकिकती सहसा छापल्या जात नाहीत. अशी एक गोष्ट डॉक्टरांसमोर चर्चेचा विषय म्हणून ठेवावी, हट्ट म्हणून नको.

जास्त भक्कम आधार असलेल्या काही गोष्टी: हर२ रंजन ३+ (सर्वांत ठळक) असेल तर ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकन या औषधाला एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने अवयव न पाहता, आधीच्या उपचारांनंतरच्या घन गाठींसाठी मान्यता दिली. गॅस्ट्रिक-टाइपमध्ये म्हणूनच हर२ तपासून घेणं शहाणपणाचं. मिसमॅच दुरुस्तीतला दोष (डीएनएची नक्कल करताना झालेल्या चुका सुधारणारी यंत्रणा बिघडणं), एनटीआरके किंवा आरईटीचं फ्यूजन (जनुक दुसऱ्या जनुकाला जोडलं जाणं), बीआरएएफ व्ही६००ई हे बदल इथे क्वचितच भेटतात, पण भेटले तर अवयवनिरपेक्ष मान्यता असलेली औषधं आहेत. पीआयके३सीए स्मॉल सेलमध्ये सर्वांत जास्त दिसतो, तरी गर्भाशयमुखासाठी त्यावरचं औषध नेहमीच्या उपचारात बसलेलं नाही.

इम्युनोथेरपी?

गर्भाशयमुखाच्या नेहमीच्या प्रकारांत पेम्ब्रोलिझुमॅब या, शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणाऱ्या औषधाने चित्र बदललं आहे. २०२१ साली निकाल आलेल्या मोठ्या चाचणीत ते केमोबरोबर दिल्याने आयुष्य वाढलं. पण त्या चाचणीत स्क्वेमस, अ‍ॅडिनो आणि अ‍ॅडिनोस्क्वेमस होते, स्मॉल सेल नव्हते. स्मॉल सेलसाठी जननमार्गाच्या न्यूरोएन्डोक्राइन गाठींवर झालेल्या एका छोट्या चाचणीत ७ रुग्णांना एकटं पेम्ब्रोलिझुमॅब दिलं, आणि एकीचीही गाठ आकसली नाही. उलट निव्होलुमॅब या त्याच जातीच्या औषधाने एका रुग्णाची गाठ पूर्ण गेल्याची हकिकत २०१७ ची आहे. दोन्ही खरं. ‘त्या’ एका बाईच्या गोष्टीवरून आपल्या घरी निर्णय घ्यायचा नाही एवढंच यातून कळतं.

मग मुख्य उपचार कोणता?

स्मॉल सेलसाठी इटोपोसाइड आणि सिस्प्लॅटिन (किंवा कार्बोप्लॅटिन) हा कणा आहे, फुफ्फुसाच्या स्मॉल सेलकडून उसना घेतलेला. छोट्या गाठीत शस्त्रक्रिया झाली तरी केमो टळत नाही, कारण गाठ लहान असतानाच पेशी बाहेर पडलेल्या असू शकतात. १८८ रुग्णांच्या त्याच अभ्यासात केमो मिळणं हे चांगल्या निकालाशी स्वतंत्रपणे जोडलेलं दिसलं. मोठ्या गाठीत रेडिएशन आणि केमो एकत्र. आजार परतल्यावर टोपोटेकॅन, पॅक्लिटॅक्सेल आणि बेव्हासिझुमॅब हे त्रिकूट वापरलं जातं.

गॅस्ट्रिक-टाइप रेडिएशन आणि केमो दोन्हींना तुलनेने दाद देत नाही, म्हणून जिथे शक्य तिथे पूर्ण शस्त्रक्रियेवर भर असतो.

‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा आहे. काय करायचं?

काही करायचं नाही. तो बदल अपायकारक आहे की निव्वळ माणसामाणसांतला फरक, हे अजून ठरलेलं नाही. त्यावरून उपचार बदलू नयेत आणि नातेवाइकांची तपासणीही सुरू करू नये. काही वर्षांनी वर्गवारी बदलू शकते, म्हणून रिपोर्ट फाइलमध्ये ठेवा.

मुलीने, बहिणीने काय तपासून घ्यावं?

रुग्णाला एचपीव्हीशी निगडित स्मॉल सेल असेल, तर नातेवाइकांना वेगळा आनुवंशिक धोका मानला जात नाही. वयानुसार लस आणि नेहमीची तपासणी पुरेशी. एसटीके११ जन्मजात निघाला तर मात्र जनुकीय समुपदेशन आणि आतडी, स्तन, स्वादुपिंड, गर्भाशयमुख यांची ठरावीक काळाने तपासणी लागते, आणि ती पुरुष नातेवाइकांनाही लागू आहे. मिसमॅच दुरुस्तीतला दोष सापडला तर लिंच सिंड्रोमचा, म्हणजे आतड्याच्या आणि गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या आनुवंशिक आजाराचा, विचार होतो.

जनुकीय चाचणी नक्की कधी करायची, आणि कशावर?

आजार परतला किंवा दूर पसरलेला आहे, किंवा निदानातच शंका आहे, तेव्हा तिचा उपयोग सर्वाधिक. सुरुवातीच्या टप्प्यात उपचार ठरलेला असतो आणि चाचणीने तो सहसा बदलत नाही. तिच्या निकालासाठी केमो लांबवणं तर स्मॉल सेलमध्ये धोक्याचं, कारण तिथे आठवडे मोजले जातात.

चाचणी पॅराफिन ब्लॉकवर होते. मेणाचा तो लहानसा ठोकळा म्हणजे तुमच्या गाठीचा उरलेला तुकडा. प्रत्येक जादा रंजनाने तो थोडा झिजतो. छोट्या बायोप्सीत तर आधीच तुटपुंजा असतो, म्हणून ‘पुढे जनुकीय तपासणी करायची शक्यता आहे, तुकडा राखून ठेवा’ हे पॅथॉलॉजी विभागाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावं. दुसऱ्या ठिकाणी मत घ्यायला जाताना फक्त छापील कागद नेऊ नका. स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही मागून घ्या, पोच घ्या, आणि परत कधी द्यायचे ते त्याच कागदावर लिहून घ्या.